रीफपलूझाला पहिल्यांदा जाताना : खिशात किती, गाडीत काय आणि घरी कोणती तयारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन दोन वर्षे झाली, चाळीस गॅलनचा, म्हणजे सुमारे दीडशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक लावून आठ महिने झाले, त्यात क्लाउनफिशची जोडी आणि चार-पाच मऊ कोरल (प्रवाळ) नीट चालले आहेत. आता पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच रीफपलूझा या कोरलच्या मोठ्या प्रदर्शनाला जायचे आहे. तिथे काय पाहावे, किती पैसे न्यावेत, घेतलेले कोरल घरापर्यंत कसे आणावे, आणि दिवाळीत पुण्याला जाताना भावाच्या टँकसाठी दोन-चार फ्रॅग, म्हणजे कोरलचे कापलेले छोटे तुकडे, नेता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी चौदा वर्षे मध्य न्यू जर्सीत रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, सांभाळतो आहे. अशा प्रदर्शनांना ग्राहक म्हणून दरवर्षी जातो आणि तीन वेळा एका मित्राच्या टेबलामागे उभा राहून फ्रॅग विकलेही आहेत, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात ‘पण’ आणि ‘परंतु’ला जागा नाही : कोरल पुण्याला नेऊ नका. सर्व कठीण कोरल, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया गणातले सगळे प्रवाळ, साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. ते अमेरिकेतून बाहेर काढायला परवाना लागतो, मग ते समुद्रातून काढलेले असोत की कोणाच्या तळघरात वाढवलेले. भारताच्या बाजूने तर प्रश्न आणखी कडक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला, म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघाला जे संरक्षण आहे तेच मालवणच्या खडकांवरच्या किंवा विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवरच्या प्रवाळाला आहे. वाळलेला पांढरा सांगाडासुद्धा यातून सुटत नाही. झोआंथिड किंवा मशरूम हे मऊ प्रकार साइट्सच्या यादीत नाहीत म्हणून ते चालतील, असा युक्तिवाद काही जण करतात, पण परदेशातून आणलेला जिवंत जलचर परवानगीशिवाय सामानातून उतरवता येत नाही, हे त्यांच्या लक्षात नसते. भावाला न्यायचेच असेल तर उपकरण न्या. ज्या पंपाच्या किंवा दिव्याच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते तो पुण्यात नुसती पिन बदलून चालतो, आणि खारेपणा मोजायचा चांगला रिफ्रॅक्टोमीटर ही तर कोणत्याही रीफवाल्याला हवीहवीशी भेट आहे. नुसते ११० व्होल्टवर चालणारे पंप मात्र घेऊ नका. तिथे ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो आणि टँकजवळच्या ओलीत तो मला नको वाटतो.

आता प्रदर्शनाकडे वळू. कुठल्या प्रकारच्या प्रदर्शनाला आपण जात आहोत, हे आधी समजून घ्यावे, कारण ‘रीफ शो’ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे मॅकना. मॅसना ही छंदिष्टांच्या मंडळांची संघटना १९८८ साली स्थापन झाली आणि तिचे हे संमेलन वेगवेगळ्या शहरांत भरत आले. २०१७ला ते न्यू ऑर्लिन्सला होते, २०१८ला लास व्हेगासला, २०१९ला ऑरलँडोला. तिथे व्याख्याने हा मुख्य भाग असतो आणि विक्री त्याच्या सोबतीने चालते. दुसरी रीफपलूझा. कॅलिफोर्नियातल्या मंडळाच्या मेळाव्यातून ती वाढली आणि पुढे ऑरलँडोला आणि आपल्याकडेही भरू लागली. आपल्याकडच्या प्रदर्शनाच्या नावात न्यूयॉर्क असले तरी मी पहिल्यांदा गेलो ते न्यू जर्सीतल्या सेकॉकसच्या मेडोलँड्स एक्स्पोझिशन सेंटरमध्ये. व्याख्याने तिथेही असतात, पण मूळ प्रकृती बाजाराची आहे. तिसरा प्रकार म्हणजे स्थानिक मंडळांचे फ्रॅग स्वॅप, जे शाळेच्या व्यायामशाळेत किंवा फायर हाउसच्या हॉलमध्ये भरतात आणि जिथे आपल्यासारखेच लोक घरच्या टँकमधले कापलेले तुकडे घेऊन बसतात. (जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या इंटरझूचे नाव तुमच्या कानावर आले असेल, तर ते फक्त व्यापाऱ्यांसाठी असते. आपल्यासारख्यांना त्यात प्रवेश नाही.) खरे सांगायचे तर आठ महिन्यांच्या टँकसाठी पहिली खरेदी मी फ्रॅग स्वॅपमध्ये केली असती, कारण तिथला फ्रॅग कोणाच्या तरी घरच्या टँकमध्ये वर्षानुवर्षे टिकलेला असतो आणि विकणारा माणूस वीस मिनिटांवर राहत असतो. पण तुम्ही रीफपलूझाचे ठरवलेच आहे आणि मुलीला ती नक्की आवडेल, तेव्हा तिच्याविषयीच बोलू.

जाण्याआधीच्या आठवड्यात एक काम करा : स्वतःच्या टँकचे आकडे मोजून एका कागदावर लिहा. तापमान, खारेपणा, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता), कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि फॉस्फेट. समुद्राचा खारेपणा साधारण ३५ पीपीटी (हजार भागांत क्षाराचे भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्वात १.०२६च्या आसपास असतो. अल्कलिनिटी समुद्रात सातेक डीकेएच (हे तिचे एकक) असते आणि बहुतेक रीफवाले ती ७.५ ते ९च्या दरम्यान ठेवतात, कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम प्रतिलिटर. आकडा आदर्श आहे की नाही याहून तो स्थिर आहे की नाही हे अधिक महत्त्वाचे आहे. हा कागद नेण्याचे कारण असे, की टेबलावर पहिला प्रश्न तुम्ही विचारायचा आहे : “तुमच्या घरच्या सिस्टीममध्ये अल्कलिनिटी किती ठेवता?” विक्रेता आठ म्हणाला आणि तुमच्याकडे साडेअकरा असेल, तर तो फ्रॅग कितीही सुंदर असो, तुमच्याकडे आल्यावर त्याची टोके जळण्याची शक्यता बरीच आहे, विशेषतः नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्य असतील तर. जो विक्रेता या प्रश्नाला आकड्यात उत्तर देतो त्याच्यापाशी थांबा. “नॉर्मल आहे हो सगळं” असे म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती निळाई. हॉलमधले दिवे बऱ्याच ठिकाणी मंद केलेले असतात आणि शेकडो उथळ अॅक्रिलिकच्या ट्रेवर रॉयल ब्लू एलईडी लावलेले असतात. सुमारे ४५० नॅनोमीटरचा तो निळा प्रकाश कोरलच्या ऊतींमधली प्रतिदीप्त प्रथिने शोषून घेतात आणि हिरव्या, नारिंगी, लाल रंगात परत सोडतात, म्हणून प्रत्येक फ्रॅग आतून पेटल्यासारखा दिसतो. यात फसवणूक नाही, तो रंग खरा आहे. मात्र तो त्या दिव्याखालचा रंग आहे. तुमच्या घरी पांढरट प्रकाश असेल तर तेच कोरल तपकिरी-हिरवट दिसेल. म्हणून परवानगी विचारून मोबाइलची पांढरी टॉर्च बाजूने, क्षणभर धरून पाहा. अनेक विक्रेते नारिंगी काचेचे चष्मे किंवा फिल्टर ठेवतात. त्यातून कोरल अधिकच झळकते, कारण ती काच निळा प्रकाश अडवते. फोटोसाठी ते उत्तम आहे. खरेदीचा निर्णय मात्र टॉर्चवर घ्यावा.

आता त्या ट्रेमध्ये काय चालले आहे तेही डोळ्यांपुढे आणा. विक्रेता गुरुवारी किंवा शुक्रवारी व्हॅनने वा विमानाने आलेला असतो. पाणी तिथेच ताजे मिसळलेले असते. शेकडो फ्रॅग प्रवासातून नुकतेच बाहेर पडलेले असतात, दोन दिवस लोकांचे हात वरून फिरतात, आणि हॉलच्या वातानुकूलनाबरोबर पाण्याचे तापमान खालीवर होते. कोरलने पॉलिप, म्हणजे फुलासारखी तोंडे, मिटून घेतले असतील तर तो एकदम आजारी आहे असे समजू नये, तो दमलेला असू शकतो. मग चांगला ओळखायचा कसा? मी बुडाकडे पाहतो. फ्रॅग सिमेंटच्या किंवा चिनीमातीच्या छोट्या प्लगवर गोंदाने चिकटवलेला असतो. गोंदाचा पांढरा ठिपका उघडा दिसत असेल आणि फांदीची कापलेली कड करकरीत असेल, तर तो परवा-तेरवा प्रदर्शनासाठीच कापला आहे. उलट कोरलची ऊती गोंदावरून उतरून प्लगवर पातळ झालरीसारखी पसरली असेल, तर तो निदान काही आठवडे तिथे बसून वाढला आहे. किंमत थोडी जास्त असली तरी हा दुसरा फ्रॅग स्वस्त पडतो. हॅमर किंवा टॉर्चसारख्या मांसल कोरलमध्ये तोंडाखालची मांसाची पट्टी पाहावी. ती सांगाड्यावर सेंटिमीटरभर खाली अखंड उतरलेली असावी. कडेला सांगाडा पांढरा उघडा पडला असेल किंवा तपकिरी शेंबडासारखे काही लोंबत असेल, तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नये, आणि त्याच ट्रेमधले बाकीचेही नकोत.

अॅक्रोपोरा या फांद्या असलेल्या कठीण कोरलच्या बाबतीत नजर आणखी बारीक लागते. फांदीवर मिलिमीटरभर गोल, फिकट ठिपक्यांचे पुंजके दिसले तर तो अॅक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या किड्याचा घास असतो. किडा स्वतः दिसत नाही, कारण तो ज्याला खातो त्याच्याच रंगाचा असतो. त्याची तपकिरी, मधासारखी अंडी बुडाशी उघड्या सांगाड्यावर दाटीने चिकटलेली असतात. मला हे इतके नेमके सांगता येते त्याला कारण आहे. २०१७ साली सेकॉकसला पहिल्याच दिवशी, पहिल्याच फेरीत मी अकरा फ्रॅग घेतले. घरी पोचेपर्यंत रात्र झाली होती, म्हणून एका बादलीत कसेबसे धुतल्यासारखे करून सगळे थेट मोठ्या टँकमध्ये ठेवले. तीन महिन्यांनी पाच वर्षे वाढवलेल्या, दोन ओंजळींत मावणार नाही एवढ्या हिरव्या अॅक्रोपोराचा रंग खालून उतरू लागला. मी प्रकाश बदलला, प्रवाह बदलला, अल्कलिनिटी दिवसातून दोनदा मोजली. शेवटी एका रात्री बॅस्टरने, म्हणजे रबरी फुगा असलेल्या स्वयंपाकाच्या पिचकारीने, फांद्यांवर जोरात पाणी मारले, तेव्हा माशाच्या पारदर्शक खवल्यांसारखे किडे गिरक्या घेत खाली आले. मी विक्रेत्याला दोष देत नाही, अकरांपैकी कोणता फ्रॅग कोणाकडचा होता हेही मला सांगता आले नसते. शिवाय शनिवारी संध्याकाळी विक्रेते आपापसांत फ्रॅगची अदलाबदल करतात, त्यामुळे स्वच्छ माणसाच्या ट्रेमध्येही रविवारी दुसऱ्याचे पाहुणे असू शकतात. दोष माझ्या त्या बादलीचा होता.

म्हणून तुमच्या ‘काय घ्यावे’ या प्रश्नाआधी मी ‘कुठे ठेवाल’ हा प्रश्न विचारतो. प्रदर्शनाच्या किमान दोन-तीन आठवडे आधी दहा गॅलनचा एक साधा क्वारंटाइन टँक (नवे फ्रॅग वेगळे ठेवण्यासाठी), छोटा हीटर, छोटा पंप, स्वस्तातला एलईडी आणि फ्रॅग उभे करायला प्लॅस्टिकची जाळी एवढे मांडून ठेवा. पाणी तुमच्याच टँकचे आणि फिल्टरचा एखादा मुरलेला दगड किंवा स्पंजही त्यातलाच घाला. त्यात मासा एकही नको. हा खर्च शंभर डॉलरच्या आत बसतो, आणि ज्यांना हा नको असतो त्यांनी प्रदर्शनात कोरल घेऊच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी दिवे पाहावेत, व्याख्याने ऐकावीत, टी-शर्ट घ्यावा.

पैशांविषयी. साधे झोआंथिड, मशरूम, लेदर, कँडी केन यांचे छोटे फ्रॅग दहा ते तीस-चाळीस डॉलरपर्यंत मिळतात. हॅमरचे एक तोंड त्याच्या वर जाते. खास नाव मिळालेले टॉर्च कोरल शेकड्यांत असतात, आणि बाउन्स मशरूमच्या रुपयाएवढ्या तुकड्यासाठी लोक चार आकडी रक्कम मोजताना मी पाहिले आहेत. ही नावे हा एक वेगळाच कारभार आहे : होमरेकर, जॉब्रेकर, होली ग्रेल, अटर केऑस. मूळ प्रथा निर्मळ होती. बर्लिनच्या डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टँकमधून १९८०च्या दशकापासून हातोहात पसरलेली अॅक्रोपोरा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि तिथे नाव म्हणजे वंशावळ होती. आता तेच नाव किमतीच्या पाटीवरचा अर्धा मजकूर असते, आणि तीच कोरल दोन टेबलांपलीकडे बिननावाची, निम्म्या किमतीत बसलेली असू शकते. नवीन नावाच्या कोरलची किंमत ती कापून-कापून वाढेल तशी दोन-तीन वर्षांत उतरते. तुम्हाला थांबता येत असेल तर थांबण्यासारखा सौदा नाही.

तुमच्या टँकसाठी दीडशे ते दोनशे डॉलर रोख, सुट्या नोटांत, आणि त्याच्यावर एक पैसा नाही, असे घरून ठरवून निघा. कार्ड सगळीकडे चालते आणि तेच धोक्याचे आहे. रोख दाखवल्यावर, विशेषतः एकाच टेबलावरून तीन-चार फ्रॅग घेतल्यावर, भाव खाली येतो. “तिन्ही मिळून काय द्याल?” हे वाक्य पुरते, मंडईतल्यासारखी ओढाताण करू नका. उत्तम तुकडे शनिवारी सकाळच्या पहिल्या दोन तासांत संपतात, स्वस्त तुकडे रविवारी दुपारनंतर मिळतात, कारण ते परत बांधून न्यायला विक्रेत्याला जिवावर येते. तुम्हाला उत्तम तुकड्यांची गरज नाही. रविवारी अकराच्या सुमारास जा, पहिली पूर्ण फेरी पाकीट न उघडता मारा, आवडलेल्या टेबलांचे क्रमांक लिहा, एक व्याख्यान ऐका, जेवा, आणि मग दुसऱ्या फेरीत घ्या. पहिल्या फेरीत पाहिलेल्या दहा फ्रॅगपैकी सात दुसऱ्या वेळी तेवढे आवश्यक वाटत नाहीत, हा माझा दर वर्षीचा अनुभव आहे.

घ्यायचे ते काय? आठ महिन्यांच्या टँकमध्ये अॅक्रोपोरा नको, तिला लागणारी स्थिरता अजून आलेली नसते. डंकन, कँडी केन, एखादे हॅमर, झोआंथिडचे दोन रंग, मशरूम, यांत तुमचे दोनशे डॉलर सत्कारणी लागतील. ग्रीन स्टार पॉलिप घेतलेत तर ते मुख्य खडकाला टेकू देऊ नका, वर्षभरात ते गालिचा पसरल्यासारखे सगळे झाकते. टॉर्च कोरल घेतलेत तर तिच्या चारही बाजूंना वीतभर जागा मोकळी ठेवा, रात्री तिचे लांब डंखाचे धागे बाहेर पडतात आणि शेजाऱ्याला भाजतात. झोआंथिड आणि विशेषतः पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असू शकते. ट्रेमध्ये पाहण्याने काही होत नाही, पण मुलीला हात घालू देऊ नका, घरी हाताळताना हातमोजे घाला, कापताना डोळ्यांवर चष्मा ठेवा, आणि त्यांनी व्यापलेला खडक कधीही उकळू किंवा गरम पाण्याने धुऊ नका. वाफेतून विष श्वासात जाऊन अख्खी कुटुंबे रुग्णालयात गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

मासे या प्रदर्शनांत त्या मानाने कमी असतात, आणि पहिल्या खेपेला घेऊच नका असे मी म्हणेन. मुलीने पिवळ्या टँगसाठी हट्ट धरला तर तिला सांगता येईल की तो मासा चाळीस गॅलनमध्ये मावत नाही. तुम्हाला म्हणून त्यातली गंमत सांगतो : हवाईतून येणारा हा मासा वर्षानुवर्षे स्वस्त होता, २०२१च्या सुरुवातीला तिथली मासेमारी न्यायालयाच्या निर्णयाने थांबली आणि किंमत एकदम कित्येक पटींनी चढली. २०१५ साली हवाईच्याच ओशियानिक इन्स्टिट्यूटने तो बंदिस्त अवस्थेत वाढवण्यात यश मिळवले होते म्हणून आज तो दुकानात दिसतो तरी. कोरलच्या बाबतीतही असेच झाले. २०१८ साली इंडोनेशियाने कोरलची निर्यात थांबवली, ती २०२०च्या सुमारास पुन्हा सुरू होईपर्यंत टॉर्च कोरलच्या किमती गगनाला भिडल्या, आणि घरी कापून वाढवलेल्या फ्रॅगचे महत्त्व लोकांना तेव्हा नव्याने पटले. विक्रेत्याला “हा वाढवलेला आहे की आयात केलेला?” असे जरूर विचारा. आयात केलेल्याचे हाल जास्त झालेले असतात.

उपकरणांच्या टेबलांवर सवलती खऱ्या असतात, मिठाच्या बादल्या आणि टेस्ट किटवर तर हमखास. किटच्या रसायनांची मुदत मात्र डब्यावर पाहून घ्या. दिवा घेण्याचा विचार असेल तर तिथे पार मीटर, म्हणजे कोरलला उपयोगी प्रकाश मोजायचे यंत्र, हातात देणारे कोणी भेटते का पाहा, तुमच्या टँकच्या खोलीएवढ्या अंतरावर किती आकडा येतो तो मोजून घ्या. मऊ आणि मांसल कोरलना पन्नास ते दीडशे पार पुरतो. पंप मात्र प्रदर्शनात कधीही घेऊ नका, कारण त्या गोंगाटात त्याचा आवाज कळत नाही. तुमचा टँक बैठकीच्या खोलीत आहे, आणि माझ्या घरी सवलतीत घेतलेला असाच एक पंप तीन वर्षे तळघरात पडून आहे, ज्याची घरघर पत्नीला वरच्या मजल्यावर ऐकू येत असे.

परतीच्या प्रवासासाठी गाडीत थर्मोकोलचा डबा किंवा साधा आइसबॉक्स न्या, तळाशी टॉवेल, आणि झाकणाचे प्लॅस्टिकचे कप पाच-सहा. पिशव्या आडव्या पडल्या की फ्रॅग प्लगसकट आपटतो, कपमध्ये तो उभा राहतो. प्रत्येक कपावर मार्करने नाव, टेबल क्रमांक आणि किंमत लिहा. जूनच्या उन्हात बंद गाडीत डबा ठेवून जेवायला जाऊ नका, खरेदी झाली की सरळ घरी. कोरलसाठी दोन-तीन तास काहीच नाहीत, गरम गाडीतली वीस मिनिटे पुष्कळ आहेत.

घरी आल्यावर कप तसेच बंद अर्धा तास क्वारंटाइन टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. खारेपणा मोजा, फरक एक-दोन पीपीटीच्या आत असेल तर थेंबथेंब पाणी मिसळण्याची गरज कोरलला नसते. माशाच्या बाबतीत, पुढे कधी घेतलात तर, लांबचा प्रवास झालेल्या पिशवीत ते तासभर थेंब पाडणे उलट घातक ठरते. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच उतरतो, आणि तोवर साचलेला अमोनिया बहुतांशी कमी विषारी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो, आणि तेच पाणी विषारी होत जाते. तेव्हा आधीच खारेपणा जुळवून ठेवलेल्या पाण्यात माशाला लगेच सोडणे बरे. ते पिशवीतले पाणी कुठल्याच टँकमध्ये ओतायचे नाही, कोरलचेही नाही.

मग डिप, म्हणजे किडे काढण्यासाठी औषधी द्रावणातली बुडी. दोन पांढरी भांडी घ्या, पांढरीच, कारण पडलेला किडा दिसला पाहिजे. एकात टँकच्या पाण्यात कोरल डिप बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, दुसऱ्यात नुसते टँकचे पाणी. फ्रॅग पहिल्या भांड्यात सांगितलेला वेळ ठेवा आणि दर मिनिटा-दोन मिनिटांनी बॅस्टरने त्याच्यावर पाणी मारत राहा, द्रावण अर्धे काम करते आणि अर्धे तो फवारा. आयोडीनचे द्रावण जखमेसाठी आणि जिवाणूंसाठी चांगले, किड्यांसाठी वेगळे डिप मिळतात. बागेतले इमिडाक्लोप्रिडचे कीटकनाशक वापरणारे लोक तुम्हाला भेटतील, मीही ते वापरले आहे. ते या कामासाठी बनवलेले नाही आणि कोळंबी-खेकड्यांसाठी त्याचा अंशही मारक असतो, म्हणून पहिल्या वर्षी तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नये. डिपनंतर फ्रॅग शक्यतो मूळ प्लगवरून काढून नव्या प्लगवर सायनोअॅक्रिलेट जेलने चिकटवा. डिपने किडा मरतो, अंडी मरत नाहीत, आणि अंडी, आयप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल), नळीतल्या गोगलगायी, बुडबुड्या शेवाळ हे सगळे मुख्यतः जुन्या प्लगवरच आलेले असते. प्लग निघत नसेल तर त्याची उघडी बाजू जुन्या टूथब्रशने घासा आणि भिंगातून एकदा पाहा.

पुढे दर आठवड्याला एकदा डिप, असे सहा आठवडे. अंड्यांतून बाहेर येणाऱ्या किड्यांना गाठायचे असल्यामुळे एकदा करून भागत नाही. तुमच्या क्लाउनफिशच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक मुद्दा आहे : कोरलला इक, म्हणजे माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, होत नाही, पण त्या परजीवीची कोषावस्था प्लगवर किंवा शंखावर चिकटून येऊ शकते, म्हणून काटेकोर लोक मासे नसलेल्या टँकमध्ये ७६ दिवस कोरल ठेवतात. तुमचे फ्रॅग मासे आणि कोरल एकाच सिस्टीममध्ये ठेवणाऱ्या विक्रेत्याकडचे असतील तर तुम्हीही तेवढे थांबा.

प्रकाशाच्या बाबतीत पहिले दोन आठवडे हात आखडता ठेवा. प्रदर्शनातला निळा प्रकाश डोळ्यांना प्रखर वाटतो पण पारमध्ये बहुधा कमी असतो, तेव्हा फ्रॅग सर्वांत खालच्या पातळीवर ठेवून दर आठवड्याला थोडा वर सरकवा. पहिल्या तीन-चार दिवसांत खायला काही घालू नका. रात्री दिवे विझल्यावर तासाभराने लाल प्रकाशाची बॅटरी घेऊन एकदा पाहत जा, कारण जे दिवसा प्लगच्या छिद्रात बसते ते रात्री बाहेर येते. हे काम मुलीला द्या, माझ्या मुलीला सहाव्या वर्षी तेच आवडायचे, आणि आमच्याकडचा पहिला खेकडा तिनेच दाखवला होता.